पाय टेकलेली माणसं

(एका चित्रकला शिक्षकांच्या स्मरणार्थ दर वर्षी होणाऱ्या व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्यांच्या आठवणीसाठी आपण दर वर्षी या सभागृहात जमतो, त्यांना या गावातल्या तीन पिढ्या नुसतं 'सर' म्हणत आल्या. मीही आज तेवढंच म्हणणार आहे. विषय तुम्हीच ठरवा, असं संयोजक म्हणाले तेव्हा मला फार विचार करावा लागला नाही. सरांनी मला एक गोष्ट शाळेत असताना सांगितली आणि ती अंगी मुरायला पुढची पस्तीस वर्षं गेली. तिच्याविषयीच बोलते. साध्या पेन्सिलीनं माणूस कसा काढायचा, हा आजचा विषय.

आपल्यापैकी पुष्कळांनी चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट या परीक्षा दिल्या असतील. त्यातला स्मरणचित्राचा पेपर आठवून पाहा. भाजीबाजार, बसथांबा, पाणवठा असा काहीतरी विषय यायचा आणि चित्रात माणसं हवीच असायची. आमची खरी कसोटी तिथे लागायची आणि त्यावर आम्ही मुलांनी तोडगे काढले होते. हात जमत नाहीत? मग ते खिशात घालायचे किंवा पाठीमागे बांधायचे. पाय जमत नाहीत? मग पुढ्यात गवत काढायचं, टोपली ठेवायची, एखादं झुडूप लावून टाकायचं. माझ्या भाजीबाजारात सात माणसं होती आणि त्यांच्या चौदा पावलांपैकी एकही दिसत नव्हतं.

सरांनी ते चित्र हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ही माणसं उभी कशावर आहेत गं?"

मी म्हटलं, "जमिनीवर, सर."

"जमिनीला तसं वाटत नाहीये," सर म्हणाले. मग चपला काढून ते खिडकीपाशी अनवाणी उभे राहिले. एका पायावर भार दिला, दुसरा नुसता टेकवला. "आज बाकी काही काढू नकोस. घोट्यापासून खाली काढ."

त्या तासाला मी फक्त दोन पावलं काढली. भार घेतलेल्या पावलाची बोटं पसरली होती, टाच रुंद झाली होती, घोट्यावरची शीर ताठ होती. दुसरं पाऊल त्याच माणसाचं, पण हलकं, जमिनीला विचारून ठेवल्यासारखं. तेव्हा मी बारा वर्षांची होते. तो फरक मला दिसला, पण त्याचा अर्थ लागला नाही. पुढे लागला तो असा : माणूस काढायचा म्हणजे त्याचा भार काढायचा. हे शरीर आपलं वजन जमिनीला कसं देतंय, ते शोधायचं. नाक-डोळे, केस, कपडे हे सगळं त्याच्या मागून येतं.

आधी हत्याराबद्दल थोडं सांगते. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या उत्तरेला बॉरोडेल इथे शुद्ध ग्रॅफाइटचा साठा सापडला. लोकांना ते एक प्रकारचं शिसंच वाटलं. ती चूक भाषांमध्ये टिकून राहिली आणि आपणही अजून 'शिसपेन्सिल' म्हणतो. त्यात शिसं मुळीच नसतं, असतो तो कार्बन. एकावर एक ठेवलेल्या पातळ थरांसारखी त्याची घडण असते. कागदावर घासलं की थर निसटतात आणि मागे राहतात. पुढे फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात युद्ध जुंपलं, फ्रान्सला इंग्लिश ग्रॅफाइट मिळेना, तेव्हा निकोला-झाक काँते यांनी ग्रॅफाइटची भुकटी चिकणमातीत मळून भट्टीत भाजण्याची युक्ती काढली. साल होतं १७९५. माती जास्त घातली की पेन्सिल कडक, ग्रॅफाइट जास्त घातलं की मऊ आणि काळी. तुमच्या मुलांच्या कंपासपेटीतली एचबी आणि माझ्या हातातली सहा-बी यांच्यातला फरक एवढाच.

माणूस काढायला मला पेन्सिलच का लागते? तिची रेघ दाब ओळखते म्हणून. एकाच रेघेत, हात न उचलता, ती धुरासारख्या फिकटपणापासून काजळापर्यंत जाऊ शकते. माणूस खुर्चीत बसतो तेव्हा त्याचा भार बैठकीवर येतो. कोपर टेबलावर टेकलं असेल तर तिथे येतो, उभा असेल तर टाचेखाली येतो. त्या जागी पेन्सिलीवर दाब द्यायचा. जिथे शरीर मोकळं आहे, उदाहरणार्थ खांद्यावरून हवेत सुटलेला हात, तिथे रेघ सैल सोडायची. शरीराचा भार आपल्या बोटांतून कागदावर उतरतो. सर पेन्सिलीला टोकयंत्र लावू देत नसत. ब्लेडनं तासून शिसं चांगलं बोटाच्या पेराएवढं लांब काढायला लावत. पेन्सिल लिहिताना धरतो तशी धरायची नाही, तळहाताखाली आडवी धरायची. मग मनगट आपोआप गप्प बसतं आणि रेघ खांद्यातून येते. माणसाच्या पाठीचा कणा एका ओघात काढायचा तर खांदाच हलायला हवा.

आता मापांकडे येऊ. चित्रकलेच्या पाश्चात्त्य परंपरेत माणूस डोक्यांनी मोजतात. प्रत्यक्षात प्रौढ माणूस साधारण साडेसात डोकी भरतो, चित्रात शोभावा म्हणून आठ धरतात. नुकतं जन्मलेलं मूल चार डोक्यांचं असतं. त्यामुळे लहान मुलाला मोठ्याची मापं लावली की ते मूल दिसत नाही, बुटका माणूस दिसतो. आपल्याकडे मोजमाप तालाचं. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात पुरुषांचे पाच प्रकार सांगितले आहेत : हंस, भद्र, मालव्य, रुचक आणि शशक. हंस १०८ अंगुळांचा, शशक ९० अंगुळांचा. बारा अंगुळांचा एक ताल, म्हणजे हंस नऊ तालांचा झाला. आणि ताल म्हणजे किती? चेहऱ्याएवढा. आता सगळ्यांनी एक गोष्ट करून पाहा. मनगटाची घडी हनुवटीवर ठेवा आणि तळहात चेहऱ्यावर टेकवा. मधलं बोट कपाळावर, केस सुरू होतात तिथपर्यंत पोहोचलं ना? माणसानं स्वतःचं माप स्वतःच्या हातात ठेवलेलं आहे. पण मुलं हात काढतात तेव्हा ते नेहमी लहान होतात, म्हणून सर सांगत, "त्याला तोंड झाकता येईल एवढा तरी हात दे."

ही मापं पाठ हवीतच. पण ती ताठ उभ्या माणसाची आहेत आणि आपल्या आजूबाजूला ताठ उभी माणसं फार थोडी. आपली भाषाच बघा. आपण मांडी घालून बसतो, उकिडवे बसतो, फतकल मारतो, पाय दुमडून बसतो, लोडाला रेलतो, ओणवे होतो, पायरीवर टेकतो. एवढे शब्द आहेत ते एवढ्या तऱ्हांनी आपण वजन ठेवतो म्हणून. चित्रकाराला हा शब्दसंग्रह म्हणजे आयती शिदोरी आहे.

मुंबईला शिकत असताना सुटीत घरी येताना मी एसटी स्टँडवर गाडीची वाट पाहत स्केच करायचे. एकदा समोर एक आजी उकिडव्या बसल्या होत्या, शेजारी गाठोडं. मी डोक्यांनी मोजायला गेले आणि सगळी मापं कोलमडली. मांड्या माझ्याकडे रोखलेल्या, त्यामुळे आखडून अगदी तोकड्या दिसत होत्या. याला आम्ही फोरशॉर्टनिंग म्हणतो. गुडघे खांद्यांजवळ आलेले. मी दोनदा खोडलं. मग सरांची खिडकी आठवली आणि मी पावलांपासून सुरुवात केली. दोन्ही टाचा जमिनीला पुऱ्या टेकलेल्या. त्यांच्यावर पोटऱ्या, पोटऱ्यांवर मांड्या. छाती गुडघ्यांवर रेललेली आणि दोन्ही हात पुढे लोंबते सोडलेले. हात पुढे का, तर बैठक मागे गेलेली आहे. हात मागे घेतले असते तर आजी उलथल्या असत्या. एवढं कळल्यावर रेषा आपोआप येत गेल्या. डोक्यावरचा पदर काढायच्या आत गाडी लागली आणि आजी गाठोडं उचलून निघाल्या. ते रेखाटन अर्धंच राहिलं, पण त्यातल्या आजी आजही घट्ट बसलेल्या आहेत.

उभ्या माणसासाठी गवंड्याचं अवजार उपयोगी पडतं, ओळंबा. गळ्याखाली दोन हाडांच्या मध्ये खोबण असते, तिथून मनानं ओळंबा सोडायचा. माणूस एका पायावर भार देऊन उभा असेल, तर तो बरोबर त्या पायाच्या घोट्यापाशी उतरतो. भाराच्या बाजूचं कंबरेचं हाड वर चढतं आणि तोल सावरायला त्याच बाजूचा खांदा खाली येतो. कंबर आणि खांदा, दोन तिरक्या रेघा, एकमेकींच्या उलट. ग्रीक शिल्पांची पुस्तकं ही गोष्ट मोठ्या कौतुकानं सांगतात. आपल्याला ती कुठल्याही चाळीच्या गॅलरीत दिसेल. मूल कडेवर घेतलेली बाई बघा. कंबरेचा कोनाडा करून तिनं बाळाला जागा दिलेली असते, खांदा त्या बाजूला झुकलेला असतो आणि सगळं वजन एका पायावर. सगळ्या शरीरानं त्या मुलासाठी स्वतःची नवी मांडणी केलेली असते.

हे बघायला आपण कसे शिकलो, त्याचा इतिहास आपल्या महाराष्ट्रातच आहे. मुंबईचं सर ज. जी. कलाविद्यालय १८५७ साली सुरू झालं. माणूस शिकायचा तर तिथे बराच काळ ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवत. प्लास्टर दमत नाही, श्वास घेत नाही, पायावरचा भार बदलत नाही. छायाप्रकाश शिकायला ते उत्तम, पण माणसाची अर्धी गोष्ट त्यात नसते. १८७२ पासून तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले आणि त्यांनी वर्षानुवर्षं तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. त्या मुलांच्या हाताखालून वेगळीच माणसं गेली असणार. सोळाव्या लेण्यात जिला 'मरणासन्न राजकन्या' म्हणतात, तिच्यासमोर मी स्वतः उभी राहिले आहे. चित्राची पुष्कळ पडझड झाली आहे. पण मान कलंडलेली, डोळे अर्धे मिटलेले आणि मागून एका स्त्रीनं दिलेला आधार, हे दिसतं. त्या शरीरातून बळ निघून चाललं आहे आणि ते दुसरीच्या हातांवर येतं आहे. हजार-दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी हे पाहिलं होतं.

चित्रसूत्रात याविषयी एक कसोटी सांगितली आहे. झोपलेला माणूस काढला तर त्यात चेतना दिसावी, मेलेला काढला तर ती नसावी. ज्याला हा फरक दाखवता येतो, त्याला चित्र कळलं. दोघेही आडवे, दोघांचेही डोळे मिटलेले. फरक तो भाराचा. झोपलेला माणूस आपलं वजन स्वतः सांभाळून असतो, एक हात उशाखाली, गुडघा जरा मुडपलेला. मेलेल्याचं वजन सगळं जमिनीचं झालेलं असतं.

विसाव्या शतकात, १९२०च्या सुमारास, संस्थेचे प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत ज. जी. मध्ये जिवंत मॉडेल समोर बसवून शिकवणारा लाइफ क्लास उभा राहिला. पण रस्त्यावरच्या माणसाकडे पाहायला आपले चित्रकार त्याच्याही आधी लागले होते. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० साली ज. जी. मध्ये दाखल झाले, पुढे तिथेच शिकवू लागले आणि त्या संस्थेत त्यांनी काढलेल्या दिवसांचं पुस्तक 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' या नावानं आपल्याकडे आहे. मुंबईच्या गल्ल्यांवरच्या 'बाय-वेज ऑफ बॉम्बे' या १९१२च्या पुस्तकातली आणि 'विमेन ऑफ इंडिया' या १९२०च्या पुस्तकातली चित्रं त्यांचीच. कोणत्या समाजातली बाई पदर कसा घेते एवढंच ते दाखवत नाहीत. ती उभी कशी राहते, चालताना पाऊल कसं टाकते, हेही दाखवतात. मडगावात जन्मलेले दीनानाथ दलाल याच ज. जी. मधून आले आणि त्यांनी मराठी दिवाळी अंकांना माणसांनी भरून टाकलं. आपल्या आजीआजोबांनी जी चित्रं जपून कापून ठेवली, ती अशा डोळस हातांनी काढलेली होती.

आता ज्यांच्याविषयी फार कमी बोललं जातं, त्यांच्याविषयी बोलते. आम्हाला माणूस शिकवला तो समोर उभ्या राहिलेल्या माणसांनी. मॉडेल म्हणून येणाऱ्या या बायाबापड्या बहुतेक गरीब घरच्या. वीस-वीस मिनिटं न हलता उभं राहायचं, पायाला मुंग्या आल्या तरी राहायचं. विश्रांतीला उतरण्याआधी त्यांच्या पावलांभोवती खडूनं खुणा करतात, म्हणजे परत आल्यावर पाऊल तिथेच पडेल. रवी जाधव यांचा 'न्यूड' हा चित्रपट २०१८ साली आला, तेव्हा कितीतरी मराठी घरांत या कामाचा पहिल्यांदा उच्चार झाला असेल.

आमच्या वर्गात येणाऱ्या एक बाई होत्या. एकदा मधल्या विश्रांतीत साडी गुंडाळून चहाचा कप हातात घेऊन त्या माझ्या बोर्डामागे येऊन उभ्या राहिल्या. माझं काम त्या दिवशी फार चांगलं झालंय, असं मला वाटत होतं. मापं बरोबर, छाया मऊ. बाईंनी पाहिलं आणि सहज म्हणाल्या, "ताई, समदा भार उजव्या पायावर व्हता. डावा तर म्या नुस्ता टेकवला व्हता." मी परत पाहिलं. खरंच, मी दोन्ही पायांना सारखंच वजन दिलं होतं. अर्धा तास ज्या पायात त्यांना कळ येत होती, तो पाय मी पाहिलाच नव्हता. मी त्यांची आकृती काढली होती आणि त्यांचे कष्ट माझ्या नजरेतून निसटले होते. मी तो पाय पुसला आणि विश्रांतीनंतर पुन्हा काढला. सरांनंतर मला चित्रकला शिकवणाऱ्या दुसऱ्या गुरू त्या.

म्हणून मला वाटतं, माणसाचं रेखाटन हा आदर शिकण्याचा एक मार्ग आहे. दुसऱ्याला कुठे जड जातंय, हे कळेपर्यंत त्याच्याकडे पाहत राहायचं. आपल्या काळात हे काम मोठ्या निष्ठेनं करणारे सुधीर पटवर्धन यांचं नाव मी आवर्जून घेते. चित्रकला ते स्वतःच शिकले. व्यवसायानं रेडिओलॉजिस्ट, ठाण्यात त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. दिवसा क्ष-किरणांतून हाडं पाहायची आणि कॅनव्हासवर त्याच शहरातली माणसं काढायची. त्यांचं १९७७चं 'इराणी रेस्टॉरंट' किंवा २००१चं 'लोअर परळ' पाहा. कामकरी माणसाचं शरीर त्याच्या कामानं कसं घडलंय, हे तिथे दिसतं.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. मुलं मला विचारतात, फोटोवरून काढलं तर काय बिघडलं? मी त्यांना रागावत नाही. एवढंच सांगते की फोटो काढायला सेकंदही लागत नाही आणि तेवढ्यात तुमच्या पायाला काहीच जाणवत नाही. दहा मिनिटं समोर बसून माणूस काढा, म्हणजे तो दमल्यावर भार या पायावरून त्या पायावर नेताना तुमच्याही गुडघ्यात काहीतरी हलेल.

माझी आजची विनंती साधी आहे. घरी एक दोन-बी पेन्सिल आणि कोरी वही ठेवा. भाजी निवडणारी आई, जिन्यात बसून बूट बांधणारा मुलगा, पेपर वाचता वाचता डुलकी लागलेले बाबा, असं रोज एक माणूस दोन मिनिटांत काढा. खोडरबर वापरू नका. चित्र कसं आलंय, हे कुणाला दाखवायचं नाही. फक्त भार कुठे आहे ते शोधा. पाय झाडामागे लपवू नका.

शेवटची एक आठवण सांगते. सरांच्या शेवटच्या आजारपणात मी भेटायला आले होते. ते झोपले होते. मी खुर्ची ओढून वही काढली. डोकं उशीत रुतलेलं, एक हात पोटावर. सगळं जमलं, पण छातीची रेघ काही थांबेना. ती वर जायची, खाली यायची. मी पहिल्यांदा वर असताना काढली, मग खाली आल्यावर काढली. खोडलं काहीच नाही. त्या कागदावर छातीला आजही दोन रेषा आहेत, मध्ये दाण्याएवढं अंतर. त्या अंतरात त्यांचा श्वास आहे.

थोड्या वेळानं ते जागे झाले. हात पुढे केला. मी वही दिली. त्यांनी चेहऱ्याकडे पाहिलं नाही, छातीकडेही नाही. नजर थेट खाली गेली.

"पाय?"

"चादरीखाली आहेत, सर."

ते बघत राहिले. चादरीच्या घड्या एका बाजूला ताणलेल्या होत्या, टाचा रुतल्या होत्या तिथे मी पेन्सिल दाबली होती. त्यावरून त्यांनी बोट फिरवलं.

"हं," म्हणाले. "आहेत."